सार्वजनिक संस्थांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी सामाईक मंच: मराठवाड्यातील नगर परिषदांनी सुरुवात कुठून करावी?

तेरणाकाठ:

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातील एका नगर परिषदेत संगणक अभियंता आहे. प्रश्न लांब आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

२०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. घरपट्टीची पावती, मागणी बिल, थकबाकीची नोटीस आणि नळजोडणीचा अर्ज या सगळ्यांवर मात्र जुनेच नाव छापून येत राहिले. हे नाव डेटाबेसमधल्या एखाद्या तक्त्यात असेल आणि तिथे एकदा बदलले की काम भागेल, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ते प्रत्येक छापील नमुन्याच्या कोडमध्ये हाताने लिहिलेले निघाले आणि दोन ठिकाणी तर ते अक्षरांत नसून मथळ्याच्या चित्रातच होते. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या मूळ लिखाणातून तयार होते ते, आमच्याकडे नाही. त्यामुळे पुरवठादाराकडून दरपत्रक मागवले, टिपणी फिरली, मंजुरी मिळाली आणि दीड महिन्याने पावती सुधारली. पुढे शेजारच्या नगर परिषदेतील सहकाऱ्याशी बोलताना कळले की त्यांच्याकडेही तोच पुरवठादार, तेच सॉफ्टवेअर आणि तीच दुरुस्ती होती, आणि त्यांनी त्यासाठी वेगळे देयक अदा केले होते.

तेव्हापासून आम्ही पाच-सहा नगर परिषदांचे अभियंते मिळून एका एकात्मिक ऑनलाइन मंचाचा विचार करत आहोत. सोर्स कोड ठेवण्याची जागा, त्रुटी नोंदवण्याची सोय, कोणाकडे काय आहे याची सूची, मराठीतील माहितीपुस्तिका आणि आपसात चर्चा करण्याचे दालन हे सर्व एकाच लॉगिनखाली असावे, अशी कल्पना आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी मदतीला तयार आहेत. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर घ्यावा का, मालकी कोणाच्या नावावर असावी आणि परवाना कोणता निवडावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदातीर:

आपण सांगितलेल्या यादीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कोडचे घर ही एक, सूची ही दुसरी आणि बदल स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याची जागा ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी पैसे आणि थोडी मेहनत लावली की उभ्या राहतात. तिसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही आणि असे बहुतेक मंच तिथेच ओस पडतात.

सर्व काही एका छताखाली आणण्याचा प्रयोग युरोपीय आयोगाने करून पाहिलेला आहे. २००८ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरसाठी ओसोर नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. २०११ मध्ये ते आणि माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकांसाठीचे सेमिक, अशी दोन्ही मिळून जॉइनअप हा मंच तयार झाला. जॉइनअप आता इंटरऑपरेबल युरोप पोर्टल या नावाने चालतो आणि आजही उपयोगी आहे, पण मुख्यतः सूची, बातम्या आणि चर्चा यांसाठी. प्रत्यक्ष कोडसाठी युरोपीय संस्थांनी २०२२ मध्ये गिटलॅब या कोड ठेवण्याच्या प्रणालीवर आधारलेली वेगळी जागा सुरू केली. कोड लिहिणाऱ्याला लागणारी हत्यारे आणि काय उपलब्ध आहे हे शोधणाऱ्या अधिकाऱ्याला लागणारी माहिती या दोहोंचा बाज इतका निराळा आहे की एकच पान दोघांना पुरत नाही, असा याचा अर्थ मी लावतो.

सूचीच्या बाबतीत इटलीचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथल्या डिजिटल प्रशासन कायद्यानुसार सार्वजनिक संस्थांनी आपल्या मालकीचे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या कोडमध्ये ‘पब्लिककोड डॉट वायएमएल’ नावाची एक लहानशी फाइल ठेवलेली असते. सॉफ्टवेअर काय करते, परवाना कोणता, देखभाल कोण करते, देखभालीचा करार कधी संपतो आणि कोणत्या भाषांत ते चालते, एवढी माहिती त्या फाइलमध्ये असते. सूचीचा प्रोग्राम सगळ्या रिपॉझिटऱ्या (प्रकल्पांचा कोड साठवण्याच्या जागा) फिरून या फाइली वाचतो आणि सूची आपोआप अद्ययावत होते. कोणाला पोर्टलवर जाऊन फॉर्म भरावा लागत नाही. आपल्याकडे सूचीसाठी फॉर्म ठेवला की तो उद्घाटनाच्या आठवड्यात उत्साहाने भरला जातो आणि नंतर त्याकडे कोणी फिरकत नाही, हे मी वेगळे सांगायला नको.

कोडच्या घरासाठी लगेच सर्व्हर घेऊ नये. केंद्र सरकारने २०१५ मध्येच ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण आणि सरकारी अनुप्रयोगांचा सोर्स कोड खुला करून सहयोगाने विकास करण्याचे धोरण अशी दोन धोरणे जाहीर केली. त्यांतूनच ओपनफोर्ज हा राष्ट्रीय मंच उभा राहिला. आधी तिथे जागा मिळते का, हे लेखी विचारावे. स्वतःचा सर्व्हर म्हणजे बॅकअप, सुरक्षा दुरुस्त्या, संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर उठणारा माणूस. पाच नगर परिषदांपैकी हा माणूस कोणाच्या आस्थापनेवर असणार आहे?

आता तिसरी गोष्ट. एस्टोनियाने २००१ पासून सरकारी खात्यांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एक्स-रोड ही प्रणाली वापरली. तीच प्रणाली फिनलंडने स्वीकारली, आणि एकाच मूळ कोडचा विकास दोघांनी मिळून करावा यासाठी २०१७ मध्ये दोन्ही देशांनी एक संयुक्त संस्था स्थापन केली. आइसलँड तिचा सदस्य २०२१ मध्ये झाला. याउलट, नागरिकांना संदेश पाठवणाऱ्या ब्रिटनच्या गव्ह डॉट यूके नोटिफाय या सेवेचा कोड कॅनडाने घेतला आणि २०१९ मध्ये त्यावरून स्वतःची सेवा उभी केली. कॅनडाची सुरुवात त्यामुळे फार लवकर झाली, पण दोन्ही कोड आता आपापल्या वाटेने चालतात आणि एकीकडची सुधारणा दुसरीकडे हवी असेल तर ती हाताने नेऊन बसवावी लागते. वेगळे होणे हा गुन्हा नाही. मात्र आपल्याला वाटणी हवी आहे की सामाईक खाते, हे आधी ठरवावे लागते. जिल्ह्याच्या नावाची दुरुस्ती एकदाच व्हावी, अशी इच्छा असेल तर मूळ कोड एकच राहिला पाहिजे आणि त्यात बदल स्वीकारण्याचा अधिकार नावानिशी दोन-तीन जणांकडे असला पाहिजे.

सुरुवातीला घरपट्टीला हात लावू नका, असे मी सुचवेन. आकारणीचे नियम, फेरआकारणी, हरकती, शास्ती, जुनी थकबाकी यांचा तो गुंता पहिल्याच वर्षी सर्वांना दमवेल. टंचाईच्या काळातील टँकरच्या खेपांची नोंद हा विषय घ्यावा. मंजूर खेपा, प्रत्यक्ष खेपा, उद्भव (पाणी भरण्याची जागा), गाव किंवा प्रभाग, टँकरची क्षमता, लॉगबुकवरील सही इतकाच त्याचा जीव आहे. आठही जिल्ह्यांत तो जवळपास सारखा आहे आणि बहुतेक ठिकाणी अजून एक्सेलच्या तक्त्यात चालतो. मंचाला काय काय लागते ते हे लहान काम करतानाच उमजेल.

जुना लेखापाल:

मी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लेखा शाखेत आयुष्य काढून निवृत्त झालो आहे. कोडमधले मला कळत नाही, परंतु या योजना कुठे अडतात ते ठाऊक आहे.

पहिला मुद्दा मालकीचा. आपण पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपले झाले, असे कार्यालयात सर्रास गृहीत धरले जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्याच कलमात पुढे असे आहे की, हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रादेशिक व्याप्ती लिहिली नसेल तर ती भारतापुरती समजली जाते. म्हणजे कार्यारंभ आदेशात ‘सोर्स कोड नगर परिषदेच्या मालकीचा राहील’ असे मोघम वाक्य टाकून आपण निश्चिंत झालो, तर सहाव्या वर्षी पुन्हा दारात उभे राहण्याची वेळ येऊ शकते. हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी हस्तांतरित होत आहेत आणि नगर परिषदेला ते खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची मुभा आहे, हे दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. मसुदा विधी सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि खरी मेख तिथेच आहे. पाच नगर परिषदांनी सामाईक निधी गोळा करायचा म्हटले की तो कोणाच्या खात्यात, कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि कोणाच्या सहीने खर्च होणार, हे प्रश्न येतात. दुसऱ्या शहराच्या कामावर आपला निधी का खर्च केला, असा आक्षेप लेखापरीक्षणात आला तर त्याची वसुली तुमच्यासारख्या कर्मचाऱ्यावर निघू शकते. म्हणून निधी एकत्र करू नका. प्रत्येक नगर परिषदेने स्वतःला लागणारी सुधारणा स्वतःच्या निधीतून, स्वतःच्या कार्यारंभ आदेशाने करून घ्यावी आणि त्या आदेशात एकच जादा अट घालावी: केलेला बदल सामाईक मूळ कोडमध्ये समाविष्ट झाल्याशिवाय देयकाचा शेवटचा हप्ता मिळणार नाही. खर्च आपल्याच गरजेचा असल्यामुळे आक्षेपाला जागा राहत नाही आणि फायदा मात्र पाचही ठिकाणी पोचतो.

आमच्याकडे भावकीत जमिनीच्या वाटण्या झाल्या तरी विहीर सामाईक राहते. मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि ज्याच्या पाळीत मोटार जळते तो ती भरून आणतो. पुढची पाळी दुसऱ्याची असली तरी. गोदातीर यांनी सांगितलेल्या संयुक्त संस्था सध्या आपल्या आवाक्यात नाहीत, पण पाळीचा हिशोब आपल्या लोकांना समजतो.

बालाघाट:

मी बीड जिल्ह्यात चार जणांची लहान सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. वरच्या प्रश्नात पुरवठादाराचे जे चित्र आले आहे ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही, मात्र ते अर्धे आहे. मार्चअखेरीस वसुलीच्या दिवसांत रात्री दहापर्यंत नगर परिषदेत बसून पावत्यांचा मेळ लावून देणारा माणूसही पुरवठादाराचाच असतो, आणि त्याचे देयक पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. त्यामुळे जी दुरुस्ती एका दिवसाची असते तिच्या दरपत्रकात मागचे सगळे वसूल केले जाते. हे समर्थन नाही. दर असे का फुगतात, एवढेच सांगतो आहे.

सोर्स कोड खुला झाला तर मी काय विकणार, असा प्रश्न मलाही पडला होता. हिशोब मांडून पाहिल्यावर लक्षात आले की माझे उत्पन्न मुळात कोडमधून येतच नाही. ते बसवणी, जुन्या नोंदी भरून देणे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि हाकेसरशी पोचणे यांतून येते. मोठ्या निविदांत उलाढालीची अट इतकी वर असते की आमच्यासारख्यांना आत शिरताच येत नाही. कोड सामाईक असेल आणि कामे लहान तुकड्यांत निघाली, तर उलट आम्हाला प्रथमच संधी मिळेल.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. एकाच पुरवठादाराला कळणारा खुला कोड हा नावापुरताच खुला असतो, म्हणून निदान दोन वेगळ्या कंपन्यांनी तो फक्त माहितीपुस्तिका वाचून नव्या संगणकावर बसवून दाखवावा आणि लेखापाल साहेबांनी सांगितलेल्या शेवटच्या हप्त्याला ही अटही जोडावी. दुसरे म्हणजे टँकरचे काम हंगामी आहे. फेब्रुवारी ते जून सगळ्यांना ते हवे असते आणि पहिला पाऊस पडला की कोणी उघडून पाहत नाही. पुढच्या टंचाईत सुरू करायला जावे तर प्रमाणपत्र संपलेले, पासवर्ड विसरलेला आणि ज्याने बनवले तो पुण्याला नोकरीला गेलेला! पावसाळ्यातली देखभाल कोणाकडे, हे उन्हाळ्यातच लिहून ठेवावे.

गोदातीर:

बालाघाट यांचा हंगामाचा मुद्दा मान्य. माझ्या ध्यानात आला नव्हता.

परवान्याचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. एमआयटी या खुल्या परवान्यात कोड घेऊन त्यात बदल करणाऱ्याने ते बदल परत द्यावेत, असे बंधन नाही. जीपीएल या दुसऱ्या खुल्या परवान्यात ते सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला देताना लागू होते. आपली प्रणाली मात्र पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालेल आणि नगर परिषद ती ब्राउझरमधून वापरेल. प्रत कोणाच्या हाती जाणारच नाही. नेमक्या याच परिस्थितीसाठी ॲफेरो जीपीएल हा परवाना आहे. त्यात बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरू देणाऱ्याला वापरकर्त्यांसाठी तिचा सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. बार्सिलोना शहराने नागरिकांच्या सहभागासाठी उभारलेल्या डेसिदिम या मंचाचा परवाना हाच आहे. त्या शहरानेही २०१६ मध्ये माद्रिदच्या कॉन्सुल या तशाच मंचाचा कोड घेऊनच सुरुवात केली होती आणि पुढे स्वतःच्या गरजेनुसार तो नव्याने लिहून काढला.

खुर्द_बुद्रुक:

वरील चर्चा मोलाची आहे. एक तांत्रिक गोष्ट मात्र कोणीच काढली नाही आणि ती न सांभाळल्यास पाच ठिकाणच्या नोंदी कधीही जुळणार नाहीत. ती म्हणजे मराठी अक्षरे.

हिंगोली-परभणीकडे कऱ्हाळे हे आडनाव आढळते. त्यातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकित होतो. एका कळफलकावर खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. कारकुनाने नाव टाकून शोधले की ‘नोंद आढळली नाही’ असे येते, मग तो नवी नोंद करतो आणि एका घराची दोन खाती होतात. ‘ॲड.’ मधील ॲ ची गत तीच. तो एक अखंड अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकाचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची क्रिया) चालवून यांपैकी काहीच दुरुस्त होत नाही. मी हे स्वतः तपासले आहे. नोंद साठवण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारे पाच-पंचवीस ओळींचे फंक्शन लिहावे लागते. सामाईक कोडमध्ये सर्वांत आधी हेच ठेवावे, कारण ते टँकरलाही लागेल आणि घरपट्टीलाही.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. एक जण ‘बुद्रुक’ पूर्ण लिहितो, दुसरा ‘बु.’ लिहितो, तिसरा ‘बु||’ असे लिहितो. वडगाव आणि पिंपळगाव तर ज्या तालुक्यात जावे तिथे आहेत. नावाने जोडणी न करता केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीमधील गावाचा संकेतांक वापरावा आणि नाव केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. तेरणाकाठ, आपल्या जिल्ह्याच्या नावाची अडचणही अशी रचना असती तर उद्भवली नसती.

तेरणाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. चर्चा वाचून मी आमच्या गटाला पोर्टलचा आराखडा बाजूला ठेवायला सांगितले आहे. त्यावर थोडी नाराजी झाली, कारण बोधचिन्हही तयार झाले होते.

येथे एक चूक प्रामाणिकपणे नोंदवतो. मागील वर्षी सराव म्हणून विद्यार्थ्यांना एक लहान प्रकल्प दिला होता. चाचणीसाठी मीच त्यांना काही नोंदींची फाइल दिली आणि तिच्यात खऱ्या मालमत्ताधारकांची नावे व मोबाइल क्रमांक होते. एका विद्यार्थ्याने ती कोडसोबत सार्वजनिक रिपॉझिटरीत चढवली. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर त्याने फाइल काढून टाकली आणि आम्ही सुटलो असे समजलो. गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत काढलेली फाइल आधीच्या नोंदींच्या इतिहासात तशीच राहते आणि कोणीही मागे जाऊन ती उघडू शकते, हे तीन आठवड्यांनी समजले. संपूर्ण रिपॉझिटरी काढून नव्याने सुरू करावी लागली, आणि मधल्या काळात ती कोणी उतरवून घेतली की नाही हे कळायला मार्ग नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे, हे मला माहीत होते. तरीही ही चूक घडली. आता चाचणीसाठी बनावट नावांची फाइल तयार करणारा प्रोग्राम आम्ही लिहीत आहोत आणि खरी नोंद कार्यालयाबाहेर जाणार नाही असा नियम केला आहे.

सध्या ठरले ते असे. टँकरच्या खेपांचे काम दोन नगर परिषदा घेतील. परवाना ॲफेरो जीपीएल राहील, अक्षरांचे फंक्शन आणि गावांचे संकेतांक पहिल्या टप्प्यात होतील आणि ओपनफोर्जवरील जागेसाठी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र या आठवड्यात जाईल. बदल स्वीकारण्याचा अधिकार दोन्ही कार्यालयांतील प्रत्येकी एका अभियंत्याकडे आणि महाविद्यालयातील एका प्राध्यापकाकडे असेल. एक शंका राहते. माझी बदली झाल्यास हा अधिकार माझ्यासोबत जाईल की पदासोबत राहील?

जुना लेखापाल:

पदासोबत राहावा, आणि तसे सर्वसाधारण सभेच्या ठरावातच घ्यावे. ठरावात आपले नाव येऊ देऊ नका. ‘संगणक अभियंता, नगर परिषद’ एवढेच लिहावे, तसेच कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांच्या खालच्या ओळीत रिपॉझिटरीचे खाते आणि त्याचा पासवर्ड बदलल्याची नोंद घालावी. खाते उघडताना स्वतःचा खासगी ईमेल वापरला असेल तर तो आजच बदलून कार्यालयाचा करावा. बदलीचा आदेश आल्यावर तेवढीही उसंत मिळत नाही.

खुर्द_बुद्रुक:

अक्षरांचे फंक्शन माझ्याकडे लिहिलेले आहे, चाचण्यांसह. जागा मिळाली की कळवा, पहिला बदल मी पाठवतो.